बैलाने किती चार्ज केला?

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ८१ वर्षांच्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या घरात त्या सून म्हणून आल्या त्याला साठ वर्षं होत आली. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि इंग्रजी नातवाच्या वाट्याचं, अशी त्यांनी भाषांची वाटणी केलेली. नातू नोकरीला पुण्याला गेला, त्याचं इंग्रजी वर्तमानपत्र बंद करायचं राहून गेलं, आणि दुपारचा चहा होईपर्यंत मथळ्यांवर बोट ठेवून अक्षरं जुळवायचा नाद आईंना लागला. गेल्या पावसाळ्यात असंच एकदा चष्मा कपाळावर सारून त्या म्हणाल्या, “अगं, या माणसाला बैलाने चार्ज केलंय म्हणे. किती घेतले?”

मथळा होता ‘मॅन चार्ज्ड बाय बुल’. मोकाट गुरं बडोदेकरांना नवी नाहीत. बैल बिचाऱ्याच्या अंगावर धावून गेला होता. मी हसले खरी, पण आईंचं चुकलं कुठे? त्यांच्या कानावरचा चार्ज पैशांचाच. डॉक्टर चार्ज घेतो, इस्त्रीवाला घेतो, मग बैलाने का सोडावं?

अर्थ सांगायला बसले आणि माझीच पंचाईत झाली. फोन चार्ज होतो. पोलीस लाठीचार्ज करतात. नवा साहेब चार्ज घेतो. चोरावर चार्ज लागतो. सोनार मेकिंग चार्ज लावतो. जमिनीवर बँकेचा चार्ज असतो. आई म्हणाल्या, “एवढी कामं एकट्या शब्दाला? दुसरा कोणी ठेवायचा हाताखाली.”

एकेक अर्थ वेगळा पाठ करायला गेलं तर डोकं भणभणतं. त्यापेक्षा हा शब्द आला कुठून ते पाहिलं की काम सोपं होतं. त्याचं मूळ आहे गाडा. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे मालाचा गाडा; तो शब्दही रोमन लोकांनी त्यांच्या शेजारच्या गॉल लोकांकडून उचललेला. त्यावरून क्रियापद झालं, गाड्यावर माल लादणं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि तेराव्या शतकापासून तिथे ‘चार्ज’ म्हणून नांदतं आहे. कार, कॅरी, कार्गो ही त्याची सख्खी-चुलत भावंडं. व्यंगचित्रातल्या कॅरिकेचरचंही घराणं हेच. चित्रकाराने एखाद्याच्या चेहऱ्यावर नाक किंवा मिशी जरा जास्तच लादली की कॅरिकेचर होतं.

तेव्हा चार्ज कुठेही भेटला की एकच विचारायचं: कुणावर काय लादलं? बिलात पैसे लादले, खटल्यात गुन्हा लादला, कचेरीत जबाबदारी लादली. उत्तर मिळालं की अर्थ मिळाला, आणि बहुतेक वेळा मराठी शब्दही मिळतो. कारण मराठीनेही या कामाला ओझ्याचेच शब्द लावलेत. कार्यभार, पदभार, अधिभार, विद्युतभार. यातले बरेचसे इंग्रजी समोर ठेवून बनवलेले आहेत, हे मान्य. पण बोजा, भारणं आणि आरोप हे तिघे आपलेच, आणि मजा त्यांच्यातच आहे.

आरोप घ्या. संस्कृतात आरोपण म्हणजे वर चढवणं, वर ठेवणं, रोवणं. वृक्षारोपणात झाड रोवतो, आरोपात माणसावर दोष ठेवतो. आपण अजूनही ‘आरोप ठेवला’ असंच म्हणतो, जणू डोक्यावर पाटी ठेवली. लॅटिनमधल्या गाडीवानाला संस्कृत येत नव्हतं, तरी दोघांच्या मनात चित्र एकच उभं राहिलं.

इंग्रजी वापरताना इथे एक बारीक गोष्ट सांभाळायची. अक्यूजच्या मागे ‘ऑफ’ येतं, चार्जच्या मागे ‘विथ’, ब्लेमच्या मागे ‘फॉर’. ‘अक्यूज्ड ऑफ थेफ्ट’, पण ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. चार्जला ‘विथ’ का, तेही गाड्यावरून लक्षात राहतं: गाडा कशाने भरला? चोरीने. आणि नुसतं ब्लेम कुणीही कुणाला करतं, सासू सुनेला करते, त्याला कोर्ट लागत नाही. चार्ज करायला अधिकार लागतो.

बातम्या वाचताना चार्जशीट आणि चार्ज यांची गल्लत तर रोज होते. पोलिसांचा तपास संपला की ते कोर्टात अहवाल देतात. त्याला आपण चार्जशीट किंवा आरोपपत्र म्हणतो. कायद्यात त्याचं नाव साधं, पोलीस अहवाल. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली दिला जायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत हा अहवाल यावा लागतो, नाहीतर त्याला जामीन मागायचा हक्क मिळतो. पण अहवाल आला म्हणजे चार्ज लागला असं नव्हे. कागदपत्रं पाहून, दोन्ही बाजू ऐकून चार्ज ठरवतं ते कोर्ट. मराठी वर्तमानपत्रं त्याला आरोपनिश्चिती म्हणतात, आणि हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण त्यात पोलिसांचं म्हणणं आणि कोर्टाचं ठरवणं वेगळं राहतं. आरोप ठरवण्याइतकंही काही नसेल तर कोर्ट आरोपीला डिस्चार्ज करतं, म्हणजे लादायच्या आधीच गाडी मोकळी. खटला चालून सुटला तर तो ‘अक्विट’ झाला, निर्दोष सुटला. आमच्या शेजारचे एक गृहस्थ ‘चार्जशीट झाली’ एवढं वाचूनच शिक्षा सुनावून मोकळे होतात. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय.

आता पैसे. आई सांगतात त्या काळात चार्ज हा शब्द फारसा कुणी वापरत नसे, कारण गरजच नव्हती. सोनाराची घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, गिरणीतली दळणावळ, परटाची धुणावळ. क्रियापदाच्या शेपटीला ‘आवळ’ जोडलं की त्या कामाची मजुरी तयार. मांडवीच्या सोनाराकडे आई अजून ‘घडणावळ किती?’ असं विचारतात आणि तो गुजराती सोनार क्षणभर न अडखळता ‘घडामण’ किती ते सांगतो. पावतीवर मात्र लिहिलेलं असतं मेकिंग चार्ज. तीन भाषांत एकच गोष्ट, आणि त्यातला सर्वात बोथट शब्द जिंकला. खाणावळ तेवढी टिकली, तीही जागेचं नाव म्हणून.

इंग्रजीत पैशांचे शब्द कामाप्रमाणे बदलतात, आणि आपली गडबड तिथेच होते. वस्तूची असते प्राइस. आपल्याला ती कितीला पडली ती कॉस्ट. प्रवासाला फेअर, घराला रेंट, वकील-डॉक्टर-शाळा यांची फी, रस्त्याचा टोल, चुकीबद्दल फाइन. चार्ज बहुतेक सेवेचा. ‘रिक्षाचा चार्ज किती’ हे बडोद्यात चालतं, लंडनमध्येही समजेल, पण तिथला माणूस स्वतः फेअर म्हणेल. आणि एक पक्कं: वस्तू कॉस्ट होते, माणूस चार्ज करतो. ‘द शर्ट कॉस्ट्स फाइव्ह हंड्रेड’ बरोबर, ‘द शर्ट चार्जेस फाइव्ह हंड्रेड’ म्हटलं तर सदऱ्याला हात फुटून तो गल्ल्यावर बसेल.

शेवउसळीच्या गाडीवर हा फरक फार छान कळतो. परवा भाच्याला घेऊन गेले होते. त्याने तिसऱ्यांदा ‘तरी’, म्हणजे उसळीवरचा झणझणीत रस्सा, मागितली आणि घाबरून विचारलं, याचे वेगळे पैसे? मालक डाव न थांबवता म्हणाला, “तरीनो चार्ज नथी, पाऊंनो अलग.” उसळीची प्राइस ठरलेली, तरी त्यातच, पावाचा चार्ज वर. हॉटेलच्या छापील बिलांतसुद्धा इतकी स्पष्टता क्वचित असते.

छापील बिलावरून आठवलं. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो सरकारकडे जात नाही, हॉटेलकडे राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हॉटेलांनी तो बिलात आपोआप जोडायचा नाही, द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. करावर लागणाऱ्या सरचार्जची गोष्ट उलटी. तो सरकारचाच, करावर चढवलेला आणखी कर. मराठीत अधिभार, ओझ्यावर ओझं. नाव इतकं खरं की भरतानाही जाणवतं.

माझी नणंद पुण्याची. तिच्या विजेच्या बिलावर चार्ज हा शब्दच नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. आमच्या बडोद्याच्या बिलावर तेच फिक्स्ड चार्ज आणि एनर्जी चार्ज. पहिल्यांदा तिचं बिल पाहिलं तेव्हा मला वाटलं, मीटरचा आकार मोजतात की काय! पण हा आकार म्हणजे शेतसाऱ्यातला आकार, आकारणीतला. जुना महसुली शब्द विजेच्या तारेवर चढून बसलाय.

विजेचा विषय निघालाच आहे तर फोनकडे येऊ. विजेला चार्ज हा शब्द मिळाला तो बंदुकीच्या घरातून. सोळाव्या शतकात बंदुकीत दारू ठासणं म्हणजे चार्ज करणं, असं इंग्रजीत म्हणू लागले होते. पुढे १७४५-४६ च्या सुमारास युरोपात काचेची एक बरणी निघाली, लायडन जार. पुढे तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावू लागले. घर्षणाने तयार केलेली वीज तिच्यात साठवता यायची आणि हात लावला की सणसणीत झटका बसायचा. ठासलेली बंदूकच ती. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरण्यांवर प्रयोग करत होता. विजेला धन आणि ऋण, प्लस आणि मायनस म्हणण्याची रीत त्याच्या १७४७ च्या पत्रांत दिसते. पुढे त्याने अशा बरण्या ओळीने जोडल्या आणि त्या ओळीला नाव दिलं बॅटरी. तोपर्यंत बॅटरी म्हणजे ओळीने मांडलेल्या तोफा. तेव्हा ‘बॅटरी चार्ज कर’ म्हणताना आपण तोफखान्यात दारू ठासायला सांगत असतो, उशीशेजारी.

फोनच्या खोक्यावर ५००० असा आकडा आणि पुढे मिलीअँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. अनेकांना ती ‘पॉवर’ वाटते. ते मोजमाप चार्जचं आहे. ५००० मिलीअँपिअर-तास म्हणजे १८,००० कूलोम (कूलोम हे चार्जचं एकक), आणि इलेक्ट्रॉनांत मोजायचं तर एकावर २३ शून्यं इतके. पण इथे एक गंमत आहे. फोन रात्रभर चार्जिंगला लावला तरी त्यात एकही जास्तीचा इलेक्ट्रॉन साठत नाही. एका टोकाने जितके आत गेले तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर आले. मग चार्जरने केलं काय? आमच्या वाड्यात खाली हौद आहे आणि गच्चीवर टाकी. मोटर लावली की हौदातलं पाणी टाकीत चढतं. वाड्यातलं एकूण पाणी तेवढंच, पण आता नळ सोडला की ते धो धो खाली येऊ शकतं. चार्जर ही ती मोटर. इलेक्ट्रॉनांना ते आपणहून जाणार नाहीत अशा बाजूला तो ढकलून नेतो. वापरताना ते घरंगळत परत येतात आणि येता येता आपलं काम करतात. नातू सुट्टीत आला की ओरडतो, “आजी, चार्जिंग पतलं!” गुजरातीतल्या ‘पती गयुं’चं, म्हणजे ‘संपलं’चं, हे बडोद्याचं मराठी. खरं तर पतलेलं काही नसतं, फक्त टाकीतलं हौदात आलेलं असतं.

पाठ्यपुस्तकांत याला कुठे विद्युतभार म्हणतात, कुठे विद्युतप्रभार. दोन्ही चालतात. पण विजेची तार यायच्या कितीतरी आधी मराठीत भारण्याची क्रिया होती. मांत्रिक दोरा भारून द्यायचा, अंगारा भारलेला असायचा. दिसायला साधा दोरा, पण आत काहीतरी भरलेलं, हात लावला तर अंगावर येईल असं. लायडन जार याहून वेगळी काय होती? इंग्रजीत ‘इमोशनली चार्ज्ड’ म्हणतात तिथे ‘भावनिकदृष्ट्या आवेशित’ वगैरे लिहिलेलं मी वाचलंय. भारलेलं वातावरण म्हणा की, घरचा शब्द आहे.

बैलाचा चार्ज याच्या शेजारचाच. चाल करून जाणं हा अर्थही सोळाव्या शतकातला, दारू ठासण्याच्या मागोमाग आलेला. लढाईचा घोडा म्हणजे चार्जर, हे आजच्या मुलांना सांगितलं तर पिन कुठे खुपसायची असं विचारतील. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला सहाशेहून अधिक ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांवर धावून गेले, तो इंग्रजीतला सर्वात गाजलेला चार्ज. मराठीत आपण तुटून पडतो, अंगावर जातो. तिथेही वजनच आहे. लाठीचार्ज हा मात्र आपल्या देशातला शब्द. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचा लाठीमार केला आणि पुढे सौम्य जोडलं. सौम्य कुणाला, ते कधी छापून येत नाही.

नोकरीतला चार्ज मी स्वतः दिलाय. एका सहकारी बँकेत कर्जखात्यात २२ वर्षं काढली. सोडताना चार्जची यादी केली ती १७ पानांची: फायली, नोंदवह्या, तिजोरीच्या दोन किल्ल्या, शिक्के. सगळं जुळलं आणि ‘रद्द’ असा एक रबरी शिक्का सापडेना. संध्याकाळी सात वाजेपर्यंत मला त्यासाठी बसवून ठेवलं. शेवटी तो साहेबांच्याच खणात निघाला. ओझं उतरवून ठेवायलाही समोरच्याची सही लागते, हे त्या दिवशी कळलं.

या अर्थातली एक खुबी इंग्रजीत फार लोकांना फसवते. ‘शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलं तिच्या हवाली. मध्ये एक ‘द’ घातला, ‘शी इज इन द चार्ज ऑफ हर आंट’, की तीच मावशीच्या हवाली. एवढ्याशा ‘द’ने हमाल कोण आणि ओझं कोण ते उलटतं. आणि इन-चार्ज हे पदाचं नाव म्हणून आपण वापरतो, ‘इन-चार्जना भेटा’, ते खास भारतीय. मराठीत प्रभारी.

बँकेतला दुसरा चार्ज म्हणजे बोजा. पादरा गावाकडचा एक शेतकरी यायचा. कर्ज फेडून चार वर्षं झाली होती, तरी सातबाऱ्यावर बोजा तसाच. कर्ज फिटलं म्हणजे नोंद आपोआप पुसली जाते अशी त्याची समजूत, आणि तशी पुष्कळांची असते. बँकेचा दाखला घेऊन नोंद कमी करायला अर्ज द्यावा लागतो. गहाण आणि बोजा यांतही फरक आहे: मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५८ मधल्या गहाणात मालमत्तेतला काही हक्क सावकाराकडे जातो. कलम १०० मधल्या चार्जमध्ये हक्क जात नाही, ती फक्त पैशांना तारण राहते. गुजराती उताऱ्यावरही शब्द ‘बोजो’च आहे. शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागला नाही, फक्त उतरवायचा कसा ते सांगावं लागलं.

बडोद्याने या शब्दांचा घोळ फार आधी ओळखला होता. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी. ज्या गावाने एवढा खटाटोप केला, तिथे आज घडणावळीला मेकिंग चार्ज म्हणतात, याचं मला थोडं वाईट वाटतं. थोडंच, कारण फोन ‘भारायला लाव’ असं मीही म्हणत नाही.

आईंना यातलं सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. चहाबरोबर थोडं थोडं. डिस्चार्ज त्यांना लगेच पटला: दवाखान्यातून पेशंट, आजवा धरणातून पाणी, सगळं उतरवणंच. मथळे वाचून झाले की त्या आता स्वतःच विचारतात, कुणावर काय लादलं?

परवा पहिल्याच पानावर नव्या अधिकाऱ्याचा हार घातलेला फोटो होता. ‘टेक्स चार्ज’ एवढंच आईंना लागलं. बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “याने तरी घेतलेच असतील ना?”